सात नंबरचं बेट

माझ्या वहिनीने एक समुद्र शोधून काढला. अख्खाच्या अख्खा, किनारा, खोली, लाटा, वादळं सगळ्यासकट. तो आता नाही, हा काही तिचा दोष नाही. सोळा कोटी वर्षांपूर्वी होता. आज त्या जागी एसटी डेपोसारखा मोठा थोरला गाड्यांचा तळ आहे, दोन शाळा आहेत आणि आमचं घरही आहे. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भावाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुझी बायको बरी आहे ना रे?"

मी त्या घरातली नणंद. नणंद भावजयीचं कौतुक करायला बसली की लोक कान टवकारतात, आता पुढे 'पण' येणार म्हणून. येणार आहे. पण तो 'पण' माझ्या अंगावरचा आहे, तिच्या नाही, हे आधीच सांगून ठेवते.

वहिनी आहे त्याच भूशास्त्राच्या संस्थेत मी दगड कापते. बत्तीस वर्षं झाली. जमिनीत खोल बोअर मारून जो दगड वर काढतात तो मनगटाएवढ्या जाड कांड्यांच्या रूपात येतो. मी त्यातला तुकडा करवतीवर कापते, काचेवर चिकटवते आणि घासत घासत इतका पातळ करते की त्यातून उजेड आरपार जातो. त्याला आम्ही स्लाइड म्हणतो. केसभर जास्त घासलं की दगडच नाहीसा. कमी घासलं की पलीकडच्या खोलीतून वहिनीचा आवाज येतो, "वन्सं, ही स्लाइड आहे की फरशी?"

एरवी ती मला अगं-तूगं करते. 'वन्सं' हे ठेवणीतलं, टोमणा मारायचा असला की बाहेर निघणारं. मीही घरी तिला वहिनी म्हणते आणि संस्थेत मॅडम. भाची लहान होती तेव्हा शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून "आत्याऽऽ" म्हणून कोकलायची. तिचं लग्न झालं, ती गेली, पण शिपायापासून संचालकांपर्यंत मी सगळ्यांची आत्या झाले ती झालेच.

आता वहिनीचं काम कसं ते सांगते. समुद्र गेला, पण त्याचा गाळ राहिला आणि त्याचा दगड झाला. तळाशी शांत, खोल पाणी असेल तर बारीक चिखल बसतो. उथळ पाणी सारखं हलत असेल तर वाळूचे कण चुन्याचे थर गुंडाळत गुंडाळत गोल होतात, अगदी माशाच्या अंड्यांसारखे. एकदा तिने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि म्हणाली, "हा थर बघ. दोन बोटं जाडीचा आहे ना? ही एक दुपार आहे."

"दुपार?"

"वादळाची. बघ, खाली फुटके शंख कसे एकावर एक आदळलेत. वर जाड वाळू, मग बारीक, मग एकदम चिखल. वादळ आलं, सगळं उचललं, दमलं, आणि जसं उचललं तसं खाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत सगळं शांत."

मी ती स्लाइड स्वतःच्या हाताने घासली होती. मला त्यात राखाडी रंगाशिवाय काही दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी ह्या बाईपुढे मनातल्या मनात हात जोडले. तोंडावर नाही हं. तोंडावर म्हटलं, "बरं बरं, चहा गार होतोय."

असे तेवीस बोअर तिने वाचले. अकरा वर्षं. प्रत्येक ठिकाणी खाली उथळ पाण्याचे गोल दाणे आणि वर जावं तसा खोल पाण्याचा चिखल. म्हणजे समुद्र हळूहळू चढत गेला, जमीन बुडवत गेला. बावीस बोअर एका सुरात हेच सांगत होते. सात नंबर मात्र आडमुठा. तिथे नेमकं उलटं: खाली चिखल, वर गोल दाणे. सगळा समुद्र खोल होत असताना ह्याच ठिकाणी तो उथळ होत होता. मग काय करणार? वहिनीने नकाशात तिथे एक बेट काढलं. चारी बाजूंनी पाणी चढतंय आणि मधली ही जमीन वर येतेय.

नकाशाची छापील प्रत आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली असायची. भाऊ भाजी चिरता चिरता म्हणायचा, "म्हातारपणी आपण तुझ्या बेटावर राहायला जाऊ, कोणी नातेवाईक यायचे नाहीत." सगळे हसायचे. ती हसायची नाही. "ते बेट मला आवडत नाही," एवढंच म्हणायची. "कशाने वर आलं ते कळत नाही. ना भेग, ना काही. उगाच कोणी आणून ठेवल्यासारखं वाटतं."

ती महिनाअखेर निवृत्त होणार होती. त्याआधी नकाशा मंडळापुढे जायचा होता. मंडळाने मान्य केला तर तो छापून सगळीकडे जाणार, पुढची माणसं त्यावर काम करणार. नाही तर कपाटात. तिच्यामागे तो पुढे न्यायला कोणी नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गळ्यात सतत भिंग अडकवून फिरणारे एक म्हातारे गृहस्थ, आम्ही त्यांना भिंगवाले म्हणतो. त्यांनी नकाशा वाचून एकच ओळ पाठवली: 'बाकी उत्तम. बेट पटत नाही. सात नंबरच्या नव्या स्लाइड पाठवा.'

म्हणून मी सात नंबरच्या कांड्या बऱ्याच वर्षांनी पुन्हा करवतीवर घेतल्या.

इथे एक गोष्ट समजून घ्या. दगड कापताना त्याची वरची बाजू कुठली हे विसरलं की सगळं मातीमोल. म्हणून प्रत्येक कांडीवर उभ्या दोन रेघा असतात, एक लाल, एक काळी. कांडी उभी धरली की लाल उजव्या हाताला आली पाहिजे. आली तर डोकं वर, नाही तर कांडी उलटी. मी स्लाइड करताना ह्याच रेघांवरून काचेच्या कोपऱ्यात खूण करते. संस्थेत म्हणतात, घड्याळ चुकेल पण आत्याची खूण चुकायची नाही. मलाही तसंच वाटायचं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी पहिली नवी स्लाइड उजेडात धरली. मधोमध एक इवलासा शंख होता. शंख मेला की आत थोडा चिखल शिरतो आणि तळाशी बसतो, पाण्याच्या भांड्यात गाळ बसतो तसा. वरचा रिकामा भाग नंतर पांढऱ्या स्फटिकांनी भरतो. अर्धा काळा, अर्धा पांढरा. हे मला वहिनीनेच शिकवलेलं. काळं खाली, पांढरं वर.

माझ्या शंखात काळं वर होतं.

म्हटलं, आत्याबाई, वय झालं, खूण चुकवलीत. दुसरा तुकडा घेतला. कापला, चिकटवला, घासला. शंख सापडला. काळं वर. तिसरा. तोही तसाच. हातातली काच खाली ठेवली आणि मी स्टुलावर बसले. मला शेल्फ आठवलं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. वहिनी दोन आठवडे बाहेर, डोंगरात. सात नंबरच्या कांड्या नुकत्याच आल्या होत्या, तिने अजून पाहिल्याही नव्हत्या. कोठारातलं शेल्फ आधीच वाकलेलं, त्यावर मी करवतीच्या तेलाचा डबा चढवला. शिडीवरून दोनदा कशाला उतरायचं म्हणून. शेल्फ आलं खाली. तीन खोकी उपडी, कांड्या जमिनीवर, वरून तेल. मी रॉकेलने एकूण एक कांडी पुसली. तेल गेलं, रेघाही गेल्या. मग जमिनीवर फतकल मारून बसले आणि फुटलेली बशी जोडावी तशी कांडीला कांडी जुळवली. चार तास. प्रत्येक तुटलेलं तोंड पुढच्याशी चपखल बसलं. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं म्हणता!

फक्त एक कळेना. ही बारा मीटरची रांग जुळली खरी, पण तिचं डोकं कुठलं? दोन्ही टोकांना दगड भुगा होऊन आलेला, शेजारच्या खोक्याशी मेळ लागेना. बोअरवाल्यांच्या वहीत 'करडा दगड, करडा दगड' एवढंच. खोलीचे आकडे लिहिलेले लाकडी ठोकळेही सांडलेले. त्यातला एक माझ्या उजव्या हाताशी पडला होता, तो उजव्या टोकाला लावला. अंदाजाने. नव्या रेघा मारल्या, सुबक. प्रत्येक खोक्याच्या झाकणात एक चिठ्ठी असते, खोक्याला कोणी काय केलं ते तारखेसकट लिहायची. ती मी कोरी ठेवली. शिपायाकडून शेल्फ ठोकून घेतलं आणि विसरून गेले.

विसरले म्हणतेय, पण माणूस असं विसरतं का? मी विसरायचं ठरवलं.

म्हणजे ते बेट मीच बांधलं होतं. जमीन वर आलीच नव्हती. समुद्र तिथेही इतर ठिकाणांसारखाच चढला होता, मी त्याला डोक्यावर उभा केला होता. आणि ही बाई नऊ वर्षं त्या बेटाचं कारण शोधत डोकं फोडून घेत होती.

मंगळवारी मी बोलले नाही. बुधवारीही नाही. खोटं कशाला सांगू, लाज वाटली. बत्तीस वर्षांची खूण एका डब्यापायी धुऊन जाणार होती. गुरुवारी सकाळी वहिनी जेवणाच्या टेबलावर काहीतरी लिहीत बसली होती. भावाने विचारलं, "काय गं?"

"नकाशा मागे घेते."

"अगं, संचालक म्हणाले ना, सात नंबर सरळ वगळ. बावीस पुरेत."

"न पटणारा दगड फेकून द्यायचा, मग पटणाऱ्यांना तरी काय अर्थ?" ती मान वर न करता म्हणाली. "सात नंबर तिथे आहे. मला तो समजला नाही. तर नकाशाही पुरा झाला नाही. संपलं."

अकरा वर्षं ती बाई एका कागदात गुंडाळून टाकत होती. मला राहवलं नाही.

"वहिनी, ते पत्र फाड," मी म्हटलं. "सात नंबर उलटा आहे. मी उलटा ठेवलाय." आणि शेल्फ, तेल, ठोकळा, सगळं भडाभडा ओकले.

तिने पेन खाली ठेवलं. उठली, चपला घातल्या. "चल."

कोठारात तिने तिन्ही खोक्यांतल्या कांड्या लांब टेबलावर मांडल्या, एकेक उलटी फिरवून. मग माझ्या तिन्ही स्लाइड पाहिल्या, आणि भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून वाकून गेली. तासभर. मी भिंतीला टेकून उभी. शेवटच्या कांडीशी पोचल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली.

"चढला गं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "इथेही चढला. बाकीच्यांबरोबर." ती हसत होती, रडत होती. मला वाटलं, सुटले. मग तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं, आणि मी तशी नजर तिच्याकडून कधी पाहिली नव्हती.

"नऊ वर्षं, वन्सं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याशेजारी बसून जेवत होतात."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग तिने खोक्याच्या झाकणातली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. "लिहा. जसं झालं तसं." मी लिहिलं. पुढचे कितीतरी दिवस ती घरात माझ्याशी 'मीठ इकडे द्या'पलीकडे बोलली नाही. भाऊ बिचारा दोघींच्या मधे बसून एकट्याच गप्पा मारायचा.

पण काम थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी: 'मंडळ विचारेल, एक उलटा तर बाकीचे कशावरून सरळ? प्रत्येक बोअरमधून एक अर्धा भरलेला शंख हवा. अठरा दिवस आहेत.' बावीस बोअर. एकेका शंखासाठी दहा-दहा काप. मी आयुष्यात इतकी कधी राबले नाही. डोळे चुरचुरायचे, बोटांची कातडी सोलून निघाली. तक्रार कुणाकडे करणार? सोळा नंबर सरळ निघाला, वीस सरळ, तीन सरळ. प्रत्येक वेळी काळं खाली दिसलं की मी जीव भांड्यात पडल्यासारखी श्वास सोडायची. चौदा नंबरमध्ये मात्र शंखच सापडेना.

अकराव्या दिवशी पाहते तर वहिनी स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. मी घासलेल्या काचा धुऊन, पुसून द्यायला लागली. दोन तास आम्ही तशाच. मग चौदा नंबरचा एक काप तिने उजेडात धरला, डोळे बारीक केले.

"वन्सं," ती म्हणाली, "ही स्लाइड आहे की फरशी?"

मला इतकं रडू कोसळलं की करवत बंद करावी लागली. शंख त्याच कापात होता. आणखी थोडा घासल्यावर दिसला. सरळ.

मंडळाच्या दिवशी मी सभागृहात शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले, पळून जायला सोपं म्हणून. वहिनीने नवा नकाशा लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं, की सात नंबर नऊ वर्षं उलटा वाचला गेला. सभागृहात कुजबुज झाली. भिंगवाल्यांनी हात वर केला. "मग बाकीच्यांवर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका," ती म्हणाली. "बघा." आणि तिने त्यांच्यापुढे बावीस स्लाइडचा ट्रे ठेवला.

म्हाताऱ्याने खरोखरच एकेक पाहिली. सभागृह ताटकळत बसलेलं. भिंग डोळ्याला लावायचा आणि पुटपुटायचा, "सरळ." पुढची. "सरळ." बावीस वेळा. मी प्रत्येक वेळी खुर्चीचा हात आवळून धरत होते. मग त्यांनी सात नंबरचं खोकं मागितलं, झाकण उघडलं आणि आतली चिठ्ठी मोठ्याने वाचायला घेतली. देवा, म्हटलं, जमीन दुभंगू दे.

"'शेल्फ माझ्या हातून पडलं. रेघा पुसल्या गेल्या. वरची बाजू मी अंदाजाने ठरवली आणि कोणाला सांगितलं नाही. आज सरळ केलं.'" सगळ्या माना मागे वळल्या. मी खाली बघत होते. मला वाटलं झालं. पण ते थांबले नाहीत. खाली आणखी काही होतं, जे मी लिहिलं नव्हतं.

"'हा दगड नऊ वर्षं माझ्या टेबलावर होता,'" त्यांनी वाचलं. "'त्याची वरची बाजू मी एकदाही स्वतः तपासली नाही. खूण हिच्या हातची होती, म्हणून गरज वाटली नाही. बेट आम्ही दोघींनी मिळून बांधलं आहे.'" खाली तिची सही. तारीख गुरुवारची. मी चिठ्ठी लिहून डोळे पुसत कोठाराबाहेर पडले त्या दिवसाची. माझ्याशी बोलणं टाकलं त्याच दिवशी तिने हे लिहिलं होतं.

भिंगवाल्यांनी चिठ्ठी घडी घालून परत झाकणात ठेवली. "ह्या स्लाइड कोणी केल्या?" मी उभी राहिले. "बसा, बसा," ते म्हणाले. "चौदा नंबर सुरेख झालीय." आणि नकाशावर सही केली.

संध्याकाळी वहिनी तिच्या खोलीतलं सामान आवरत होती. टेबलावर जुना मूळ नकाशा पसरलेला, हाताने काढलेला, ज्याच्यावरून आमच्या स्वयंपाकघरातली प्रत छापली होती तो. तो मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. तिने माझ्या हातात खोडरबर दिलं.

"पूस," ती म्हणाली. "तुझं तू पूस."

"शाई आहे ना वहिनी, कसं पुसेल?"

"पूस तर खरं."

मी रबर फिरवलं आणि बेट सहज निघून आलं. ते पेन्सिलचं होतं. नऊ वर्षं तिने त्याच्यावर शाई फिरवली नव्हती. बाकी सगळा समुद्र शाईचा होता.